अव्वा, तुझी शिंगी

अव्वा, अप्पा बैलगाडीवरून पडले त्या वर्षाबद्दल आपण मायलेकी पुढं कधी बोललोच नाही. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. वैरागच्या अलीकडं आपलं गाव, घरातच कापडाचं दुकान, आणि जिथं एसटी जात नव्हती त्या गावांच्या बाजाराला अप्पा घोड्यावर गठ्ठे लादून जायचे. म्हातारा घोडा मेला म्हणून त्यांनी ती शिंगी, तीन वर्षांची तरणी घोडी, आणली होती. पाठीवर खोगीर नुकतं कुठं सहन करायला लागली होती, तोवर अप्पा बाजाराला बैलगाडीनं जायचे, आणि तेवढ्यात ओढ्याच्या उतारावर ती गाडी उलटली नि अप्पांचं खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ते बाजेवर निजवूनच.

मी अप्पांचं करायची. शिंगीचं कुणीच करत नव्हतं. बांधून बांधून ती पिसाळल्यागत झाली. गोठ्याची मेढ दातांनी कुरतडायची, पाण्याच्या घागरीला लाथ घालायची. काका म्हणाले, "वैनी, इकून टाका. बसणारा न्हाय तर घोडं कशाला पोसायचं?" तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "ते उठल्यावर कशावर बसतील मग?" आणि त्याच संध्याकाळी, जन्मात ज्या जनावराला हात लावला नव्हतास त्याचं दावं तू सोडलंस. पहिल्या दिवशी तिनं तुला बाभळीपर्यंत फरफटत नेलं. कोपर सोलून आलीस, आणि मला म्हणालीस, "त्यांना सांगू नगंस."

पण अप्पांना खिडकीतून दिसलं होतं. तिथून त्यांची शिकवणी सुरू झाली. काम नाही तर चंदी कमी कर, हरभरा अंगात मस्ती आणतो. कडबा एकदम टाकू नको, पेंड्या सोडून थोडाथोडा चार ठिकाणी टांग, म्हणजे तिला शोधायला लागेल, वेळ जाईल. लांब दोर धरून गोल फिरव, पण लई वेळ न्हाय, कोवळे सांधे हायेत, आणि दोन्ही अंगानं फिरव. रोज एकाच वाटेनं नेऊ नको, कंटाळती. नांगरटीतनं ने, ओढ्यातनं ने, आडवी लाकडं टाकून त्यावरून पाय उचलायला लाव. तू ऐकायचीस, मान डोलवायचीस, आणि सुरुवातीला बाहेर जाऊन बरोबर उलटं करून यायचीस. मग दोघंही हसायचात.

मला आजही ते तसंच दिसतं. सकाळ आहे, तू शिंगीला खरारा करते आहेस, नऊवारीला तिचे तांबडे केस चिकटलेत. पारावरची माणसं कुजबुजतात, बाई घोडं फिरवतीया. तू त्यांच्याकडं बघतही नाहीस. परत येताना वेशीपासनं टापा ऐकू आल्या की अप्पा मला गप्प बसायला सांगतात, डोळे मिटून ऐकतात. तू दारात आलीस की म्हणतात, "आज मागचा उजवा हलका टाकती. खडा असंल बघ." तू जाऊन खूर उचलतेस आणि ओरडतेस, "व्हय की! हाय!" तुमच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. त्याआधी तुम्हा दोघांना जेवणाखाण्यापलीकडं बोलताना मी ऐकलं नव्हतं. अप्पा सदा बाजारात, तू सदा चुलीपाशी.

हाड जुळलं नाही. थंडीत त्यांची छाती भरली आणि चार दिवसांत ते गेले. माती देऊन माणसं परतली, बायका तुझ्याभोवती बसल्या, आणि तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी उठून दावं सोडलंस. काकांनी हात धरला. तू एवढंच म्हणालीस, "तिला काय कळतंय? तिचं पाय आखडत्याल की."

उन्हाळ्यात शेवटी शिंगी विकायचं ठरलं, आणि माळशिरसकडचा एक माणूस तिला बघायला आला. भला वाटला. त्यानं तोंड बघितलं, पाय दाबून बघितले, आणि खोगीर टाकून सावकाश वर बसला. शिंगी क्षणभर थरथरली आणि मग चालायला लागली. दारासमोरच्या माळावर त्यानं तिला दुडक्या चालीनं पळवली, वळवली, डावीकडं, उजवीकडं. उतरून म्हणाला, "कुणी तयार केली ओ हिला? लई हलकी हाय तोंडाला, लगाम नुसता हलवला की वळती." तू इतका वेळ दारात उभी होतीस. वर्षभर जिच्यामागं चाललीस तिच्यावर कुणी बसलेलं तू पहिल्यांदाच बघत होतीस. "कशी चालती गं," म्हणालीस, "त्यांनी बघाया पायजे हुतं." आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडलीस, अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. तो बिचारा माणूस लगाम हातात धरून थांबून राहिला. मग तूच उठलीस, डोळे पुसलेस आणि त्याला सांगितलंस, "एकाच वाटंनं नेत जाऊ नगा. कंटाळती."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मी सोलापुरात आले. आता तू जाऊनही खूप वर्षं झाली. तुला लिहिलेले हे कागद मी घडी घालून कपाटात ठेवीन, दुसरं काय करणार. एकच सांगायचं होतं. शिंगी गेल्यावर काही दिवसांनी मी तुला नांगरटीतून चालताना पाहिलं होतं, तिला फिरवायच्या त्याच वेळेला, रिकाम्या हातानं. तुला हाक मारणार होते. पण हाक मारून काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून बोळात वळले. अव्वा, ते अजून सुचलेलं नाही.