यान्झीच्या नावाचा दगड

यौचौ
चौथा महिना, तृतीया

तीर्थरूप सुलानताईस,
धाकट्या यान्झीचा दंडवत.

घाबरू नकोस, मी भूत नाही. सीमेवर मारला गेला तो आमच्याच तुकडीतला दुसरा यान्झी. कारकुनाने निरोप आपल्या घरी धाडला. परवा मी दारात उभा राहिलो तर आईने आधी माझे पाय चाचपले, मग मिठी मारली आणि जी रडायला बसली ती अजून थांबलेली नाही.

कारण ऐक. दगडांवर पोथ्या कोरून ठेवतात त्या डोंगरावर तिने माझ्या नावाने दगड कोरायला दिलाय. वर पोथीचं एक पान, खाली ‘दिवंगत पुत्र यान्झीच्या पुण्यासाठी’. आता म्हणते, बुद्धासमोर दगडात कोरलेलं खोटं होत नाही, मीच माझ्या लेकाला मारलं. दोन दिवस तिच्या पोटात बाजरीची पेजसुद्धा नाही. मी समोर बसून दोन वाडगे चापतो, तरी तिला पटत नाही.

बुद्धजन्माच्या अष्टमीला दगड गुहेत ठेवून दार कायमचं बंद करतात. तू पायथ्याशीच राहतेस. तो ‘दिवंगत’ शब्द खरवडून घे गं. आईच्या जिवाची मला फार धास्ती वाटते. भाओजींना नमस्कार.

तुझा धडधाकट भाऊ,
यान्झी


डोंगरपायथा
षष्ठी

चि. यान्झीस अनेक आशीर्वाद.

मेल्या! आता बिनघोर म्हणता येतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच हातांनी डोंगर चढले. वाटेत दोनदा रडले, एकदा घसरले. गुहेच्या दाराशी दगड ओळीने उभे होते. आपला शोधला, खालची ओळ वाचली. ‘पुत्र यान्झीच्या’ लिहिलेलं, पण त्याआधी एका शब्दाची जागा गुळगुळीत. टाकीचा घावच नाही!

पाथरवट लूबाबांना विचारलं तर ते माझ्यावरच खेकसले. म्हणाले, तुझी आई तो शब्द सांगताना तीनदा अडखळली. देह घरी आला का विचारलं, तर नाही म्हणाली. मग मी कशाला कोरू? कोरायला काय, कधीही कोरता येतं; पुसता येत नाही. आपल्या आईला अक्षर येत नाही, तिला बिचारीला कुठून कळणार!

मोकळ्या जागेत काय घालू, असं त्यांनी विचारलं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटी त्यांनीच टाकी उचलली. त्या ओळीचा कागदावर घेतलेला शाईचा ठसा सोबत धाडते आहे. आईला जवळ बसव, पेज भरव आणि ही ओळ मोठ्याने वाच: ‘घरी आलेल्या पुत्र यान्झीच्या पुण्यासाठी’.

माया आहेच, भेटीला येऊन वाढव.

तुझी ताई,
सुलान