सूक्ष्मदर्शकासमोरची जागा

४ जून

चि. लंबूस, आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र खाली बसून वाच. दवाखान्याच्या लॅबमध्ये मला दोन वर्षांची मुदतवाढ देत होते. मी नको म्हटलं. महिनाअखेरीस निवृत्त होतेय. माझी जागा रिकामी झाली की भरती निघेल, आणि तुझ्याकडे पदविका तीच आहे. डिसेंबरात तुझी वयोमर्यादा संपते, मग तुला दारात तरी कोण उभं करणार?

आमच्या वेळी साहेब घरी बोलवायला आले होते. रक्त तपासणारं माणूस शोधून सापडत नसे! बाबांच्या औषधांचं बघू काहीतरी. वेळेवर जेवत जा, आधीच काठी झालायस. राग आला असेल तर गिळून टाक.

तुझी आई

१५ जून

ती. आईस, साष्टांग नमस्कार.

अगं, विचारायचंस तरी! आधी भयंकर राग आला. मग आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

काल एका मुलाखतीला गेलो. जागा एक, रांग जिन्यावरून थेट फाटकापर्यंत. माझ्या पुढे कोण? आम्हाला शिकवणारे सर! दोघांनीही ओळख दाखवली नाही. रेडिओवर कुणी सांगत होता, तरुण हीच देशाची संपत्ती. एवढी संपत्ती ठेवायची कुठे, ते काही बोलला नाही.

जाहिरात दिसली की कळव. बाबांना नमस्कार. लोभ असाच राहू दे.

तुझा लंबू

२० ऑक्टोबर

ती. आईस, सा. न.

भरती रद्द होऊन लॅब ठेकेदाराकडे गेली, हे तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी त्याची कचेरी गाठली. म्हणाले, जागा कालच भरली. निम्म्या पगारात मुरलेलं माणूस मिळालंय, नवख्यांना शिकवत कोण बसतो?

येताना त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. हावरट मेला, दुसऱ्याच्या ताटातलं ओढणारा! आता दोनच महिने उरलेत गं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. लोभ आहेच.

लंबू

२८ ऑक्टोबर

चि. लंबूस,

मागचं पत्र तुला टाकलं, त्यानंतर ठेकेदाराचा माणूस घरी आला होता रे. पुन्हा घरी येऊन बोलावणं! म्हटलं, माझ्या मुलाला घ्या. तो हसला. म्हणाला, मुलं पोत्यानं पडलीत, बाई, तुम्हीच या. बाबांची औषधं बंद पडली होती. मी हो म्हटलं.

तू शिव्या घातल्यास ते माणूस मीच.

तुझं पत्र लॅबमध्येच वाचलं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच पुन्हा पुन्हा लावून पाहिली, काही दिसेना. जागा तुझ्यासाठी सोडली होती रे, आणि मीच येऊन बसले.

आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ? तरी आहेतच. रागावलास तरी पत्र टाकत जा.

आई