खांगशेठ बसले

हायफोंग, १० जानेवारी १९९५

ती. मिएनताईस,
धाकट्या बांगचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. फक्त तुझी भावजय हाओ माझ्याशी बोलत नाही, आणि बोलते तेव्हा क्षेम राहत नाही.

तुझी बदकाची अंडी पोचली. तीस म्हणालीस, सत्तावीस निघाली. बसवाला म्हणतो रस्ता वाईट होता. मला वाटतं भूक चांगली होती.

सरकारी कारखाना सोडून आठ महिने झाले. माझं ते म्हातारं मशीन आता दिवसाला साठ स्टुलं ओकतं: लाल, निळी, आणि दोन्ही प्लॅस्टिकं चुकून एकत्र पडली की जांभळी. आणि ताई, या शहराला बसायची काय हौस आलीय म्हणून सांगू! ज्याच्या दारापुढे हातभर फुटपाथ, त्याने चूल मांडली आणि चार स्टुलं टाकली. नूडलवाली, चहावाली, दाढी करणारा, सायकलचं पंक्चर काढणारा, सगळे दुकानदार. इतकी वर्षं आपण रेशनच्या रांगेत उभे होतो, आता अख्खा देश एकदम खाली बसलाय. आणि देश बसणार कशावर? माझ्या स्टुलावर!

हाओला हे पटत नाही. गिऱ्हाईक दोन नेतं, चार नेतं. असल्या चिल्लर विक्रीवर घर चालत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या भावाने सिमेंट कारखान्याच्या गोदामात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेपर्यंत एक मोठी ऑर्डर आण, नाहीतर मशीन विक आणि भावाकडे जा, अशी मुदत तिने घातलीय. आणि मी होय म्हणून बसलोय. पुन्हा भोंग्याच्या तालावर डबा घेऊन निघायचं, ते मला जमायचं नाही.

पण मीही डोकं लढवलंय. यंदा तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडायला खांगशेठना बोलावलंय; पहिलं पाऊल जसं, तसं वर्ष जातं. बंदराजवळ बिअरचा मोठा अड्डा आहे त्यांचा. जन्म शेळीच्या वर्षातला, म्हणजे येत्या डुकराच्या वर्षाशी अगदी गट्टी. तीन मुलगे, भरलेलं घर, आणि पोट असं की आधी ते आत येतं, मग शेठ. उन्हाळ्याआधी त्यांना बैठक वाढवायचीय, हे मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सिगारेट पेटवताना ऐकलंय. शकुनही त्यांचा, ऑर्डरही त्यांची!

लोभ आहेच, डुकराच्या वर्षात तो अंगाने भरत जावा.
तुझा, बांग

*

गाव, १९ जानेवारी

चि. बांग यास,
ताईचे अ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. खिडकीखाली उभं राहून ऐकायची तुझी खोड शाळेतली आहे. तेव्हा मार मिळायचा, आता ऑर्डर मिळू दे.

माझा बाजार जोरात. परवा मात्र भवानीलाच एक मास्तरीण आली, वीस अंडी उन्हाकडे धरून पाहिली, नाक मुरडलं आणि चालती झाली. मग कागद पेटवून टोपलीवरून ओवाळला, तेव्हा कुठे दुसरं गिऱ्हाईक फिरकलं. म्हणून सांगते, पहिल्या पावलाची थट्टा करू नकोस. माणूस चांगला निवडलास.

एकच सांगणं. शेठ एवढे जड आहेत, तर त्यांना बाबांच्या लाकडी खुर्चीवर बसव. शहाणपणा करून आपलं स्टूल पुढे करू नकोस. तू करणारच, हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.

हाओला म्हणावं, लोणच्याचे कांदे पाठवतेय, मोजून घे.

माया तीच, ओरडाही तोच.
मिएनताई

*

हायफोंग, तेतचा दुसरा दिवस

ती. ताईस,
सा. न., आणि वि. वि. काय करू, रडूच येतंय.

टपाल बंद. शेजारचा लोंग मोटारसायकलवरून सासुरवाडीला निघालाय, त्याच्याच हाती हे देतोय.

मी स्टूल पुढे केलं.

काल सकाळी सातला खांगशेठ आले. नवा कोट, हातात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट. उंबरठा उजव्या पायाने ओलांडला, भरभराटीचं बोलले. मी खास लाल रंगातलं नवंकोरं स्टूल पुसून ठेवलं होतं. ते बसले. कडाड! चार पाय चार दिशांना, शेठ जमिनीवर, आणि लाल पाकीट तसंच हवेत उंच धरलेलं. वर्षाचा पहिला दिवस, पहिला पाहुणा, आणि पहिल्याच मिनिटाला मोडतोड! उठून त्यांनी कोट झटकला, काही झालं नाही, काही झालं नाही, असं चारदा म्हटलं, चहा अर्धा टाकला आणि गेले.

आता पुढचं ऐक. नशीब झाडलं जाऊ नये म्हणून तीन दिवस घरात झाडू लावायचा नाही. म्हणजे ते तुकडे तिथेच! जो येतो तो त्यांना ओलांडून आत येतो आणि विचारतो, हे काय? दोन दिवसांत एकतीस माणसांना मी तीच गोष्ट सांगितलीय. आता ती मला चांगली रंगवता यायला लागलीय, आणि शेठ पडतात त्या जागी लोक टाळ्या देतात.

हाओ भांडत नाही. तेतमध्ये भांडायचं नसतं ना! दोन दिवस सलग माझ्याकडे पाहून हसतेय. लग्नात सुद्धा इतकी हसली नव्हती. भीती वाटते, ताई.

मात्र कान उघडे आहेत. नूडलवाली म्हणाली, तिची दोन स्टुलं अशीच गेली, गिऱ्हाईक जेवून दात कोरताना मागे रेलतं तेव्हा. न्हावी म्हणाला, त्याचंही तिथेच तडकलं. मी गुडघ्यांवर बसून तुकडे बघतोय. चारही पाय बैठकीला जुळतात नेमक्या तिथेच तुटलेत. काल झाडून टाकले असते तर हे दिसलंच नसतं. पण दिसून काय उपयोग? पौर्णिमा तेरा दिवसांवर आलीय आणि शेठ माझं तोंड बघणार नाहीत.

लोभ ठेव, शकुन तर गेलाच.
बांग

*

गाव, तेतचा चौथा दिवस

चि. वेड्यास,
अ. आ.

लोंग परत निघेपर्यंत लिहितेय. रडायचं कुणी रे, तू की त्यांनी? पाऊल कुणाचं होतं? एकतीस माणसांना तू गोष्ट सांगितलीस, त्यांनी आणखी किती जणांना सांगितली असेल! यंदा तुझा धंदा बसला, तर गल्ली काय म्हणेल? खांगशेठांचं पाऊल पांढरं. मग त्यांना पुढच्या तेतला कोण बोलावणार? आणि त्यांच्या अड्ड्यावर येतात ते कोळी आणि खलाशी, समुद्रावर जाताना शिंक आली तरी घरी परतणारे. तुला हाओचं भय एक. शेठना अख्ख्या बंदराचं.

तेव्हा त्यांच्याकडे जा, पण विकायला नको. नुसता बसून राहा, आणि जरा रोडावलेला दिस. पण आधी स्टूल नीट कर, बांग. शकुनाच्या धाकाने माणूस एकदा विकत घेईल. दुसऱ्यांदा तो बुडाखाली काय आहे तेच बघेल.

हाओचं हसू थांबलं का ते कळव. काळजीत आहे, आणि हसतेही आहे.
मिएनताई

*

हायफोंग, १५ फेब्रुवारी १९९५

ती. मिएनताईस,
बांगचा साष्टांग नमस्कार, लोटांगण, आणि आणखी काही असेल तर तेही!

पाचव्या दिवशी लेथवाल्याने दार उघडलं, तसा साचा घेऊन गेलो. पाय जुळतात तिथे चारही बाजूंनी खाच पाडून घेतली, म्हणजे स्टुलाला खालून जाड कडं येतं. पहिल्या स्टुलावर मी आणि हाओ दोघं उभे राहिलो. लग्नानंतर इतके जवळ प्रथमच.

मग एक निळं स्टूल काखेत मारून अड्ड्यावर गेलो आणि कोपऱ्यात बसलो. तोंड उघडलं नाही. शेठच धावत आले, बाजूला घेऊन हळूच विचारलं, धंदा कसा आहे. मी नुसता उसासा टाकला. ताई, तो उसासा वाटेत तीनदा घोटला होता! शेठचा चेहरा उतरला. म्हणाले, मासळीबाजारात तिघांनी विचारलं, एका बोटवाल्याने तर नव्या बोटीच्या मुहूर्ताचं बोलावणं आधीच रद्द केलं. स्टुलं घेतो, पण आधी सगळ्यांदेखत बसणार, लोकांना दिसू दे माझं पाऊल कसं आहे ते.

मी निळं स्टूल मधोमध ठेवलं. चाळीसेक माणसं बिअरचे मग हातात धरून बघत होती. शेठ वाकले. कर्र आवाज झाला आणि मी डोळे मिटले. पण तो त्यांचा गुडघा होता. बसले! रेलले! एक पाय वर घेतला! मग जो ओरडा झाला तो बंदरातल्या बोटींपर्यंत गेला असेल. तीन मग बिअर झाली तरी उठेनात. कुणी आत आलं की म्हणायचे, बघ, बसलोय.

चारशे स्टुलं, ताई! काल पौर्णिमेलाच ऑर्डर पक्की झाली. आणि रंग कुठला मागितला असेल? जांभळा. म्हणजे आता चूक रोज मुद्दाम करावी लागणार. हाओने भावाला कळवलं, जागा दुसऱ्याला दे. आता खरंच हसतेय, आणि दुपारपासून ओरडतेय की कामाला लाग. जीव भांड्यात पडला.

या सगळ्या धांदलीत ते तुकडे परवापर्यंत तिथेच पडून होते. हाओने झाडू उचलला, मी अडवला. प्लॅस्टिक वाया कशाला घालवायचं? दळून पुन्हा मशीनमध्ये टाकले आणि त्यांचं एक स्टूल काढलं. तेच बसवाल्याच्या हाती तुला पाठवतोय. बाजारात अंडी विकताना त्यावर बस. खांगशेठांची भवानी आहे ती, मास्तरणीची काय बिशाद आहे बघू.

बसवाला म्हणतो, रस्ता वाईट आहे, वाटेत तोच त्यावर बसेल. बसू दे. आता मोडत नाही.

लोभ चारही पायांवर भक्कम असावा.
तुझा, बांग