बाळंतिणीचं कालवण

वर्सोवा, बुधवार, १९ नोव्हेंबर १९८६. संध्याकाळ.

गर्दची नशा सोडून आज बाविसावा दिवस, आणि आई मला मुशीचं कालवण खाऊ घालतेय. मुशी! आमच्या कोळीवाड्यात हा छोटा शार्क मासा बाळंतिणीला देतात, दूध उतरावं म्हणून. डॉक्टर म्हणाला, पोरगा आतून पोखरलाय, ताकदीचं खायला द्या. आईला ताकदीचं म्हणजे एवढंच ठाऊक.

नेमकी तेव्हाच हेमा दारात. जिच्यासाठी कॉलेज बुडवलं, जिच्यासाठीच गर्द सोडली, ती. वाडगा बघून फिदीफिदी हसली.

"काय रे, मुलगा झाला की मुलगी?"

डोकंच फिरलं. वाडगा अंगणात भिरकावला. आईने तो उचलून आणला. हेमा मात्र भडकली.

"माज आलाय? मुशी मी आणली, बंदरावर दोन बायांशी भांडून. हेच दे म्हणून तुझ्या आईला मीच सांगितलं."

"मी काय बाळंतीण आहे?"

"तिच्यात जास्त जीव असतो. आरशात बघ. आता वाडगा रिकामा दिसला तरच तोंड दाखवीन."

गेली तरातरा. समजते कोण स्वतःला? मी काय तिच्या पाटीतला बोंबील?

मग टोपातल्या कालवणाचा वास आला आणि पोटात कळ उठली. घाबरलो. वाटलं, पुन्हा तीच तलफ. पण नाही. भूक होती ती, साधी भूक. विसरलोच होतो कशी असते.

आईकडे मागताना लाज वाटली. तिने तोच चेपलेला वाडगा धुऊन पुढे केला. दोनदा भरून खाल्ला.

उद्या हा रिकामा वाडगा हेमाच्या दारात आपटून येतो. हसू दे मग.