शून्य एरर

३ जून, सकाळी ७
हेंद्रेपाड्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लाससाठी नवा इंटरप्रिटर, म्हणजे मुलांचा कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, तयार. सगळा एकट्याने लिहिला. कोडमध्ये कंस बंद करायचा राहिला, की हा गुपचूप स्वतःच बंद करतो आणि प्रोग्राम चालवतो. लाल एरर बघून मुलं खचतात. माझ्याकडे खचणार नाहीत. सुनंदा म्हणाली, अहो, मग त्यांना चूक कळणार कशी? बायकोचा बी.ए.ला इतिहास होता.

११ जून
शहाडची रुचिका सगळ्यांत हुशार. कंस मात्र कधीच बंद करत नाही. विचारलं तर म्हणाली, सर, चलता है ना, मग कशाला? चेहरा इतका खुललेला होता, की सांगवेना. उद्या सांगतो.

१२ जून
राहिलं.

१९ जून
शनिवारी रुचिकाची अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत टेस्ट. वडिलांची फॅक्टरी बंद पडल्यापासून घर तिच्याच भरवशावर. ठराव : इंटरप्रिटरमध्ये निदान इशारा दाखवायचा. तीन ओळींचं काम. पण क्लासचा फ्लेक्स कालच छापून आलाय, 'शून्य एरर'. इशारा दिसला तर फ्लेक्स खोटा ठरेल. फ्लेक्स जुना झाला की बघू.

२२ जून, दुपारी ३
टेस्ट झाली. तिथे कोड तपासतो तो त्यांचा कंपायलर, आणि तो कंस नसला की अख्खं उत्तर फेकून देतो. कारण दाखवत नाही, नुसतं 'अमान्य'. पाचपैकी पाच अमान्य. रुचिका फोनवर रडत होती. म्हणाली, क्लासमध्ये हाच कोड चालायचा, मीच घाबरून काहीतरी वेडंवाकडं टाईप केलं असेल. मी म्हणालो, टेन्शनमध्ये होतं असं.
हे मी का म्हणालो?

दुपारी ४
खरा दोष सिस्टिमचा. चुकलेल्या कोडचं काय करायचं, हे सगळ्या कंपायलर-इंटरप्रिटरवाल्यांनी एकदा बसून ठरवायला नको? एकाकडे चालतं, दुसऱ्याकडे नाही! यावर सडेतोड लेख लिहिणार.

२३ जून
लेखाचं शीर्षक झालं : 'चूक एक, निकाल एक'. पुढे सुचेना. जेवण गेलं नाही. सुनंदाने नुसतं काय झालं विचारलं, तरी दचकलो. चोराच्या मनात चांदणं. शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगताय, तिला सांगा.

२४ जून
चौकशी केली. क्लासने आपली चूक लिहून दिली, तर कंपनी बुधवारी फेरटेस्ट घेते. पत्र टाईप केलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'आमची चूक'चं 'तांत्रिक अडचण' केलं. लाज वाटली. पुन्हा 'आमची चूक' केलं. सही उद्या, ताज्या डोक्याने.

२५ जून
डोकं ताजं नव्हतं.

२६ जून, बुधवार, सकाळी ९
रुचिका स्वतःच आली. पत्र खिशात होतं, पहाटे केलेल्या सहीसकट. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पाया पडली. म्हणाली, सर, तुम्ही इतकं शिकवलंत आणि मी क्लासचं नाव घालवलं, माफ करा मला. डोळे सुजलेले होते.
मी खिशातलं पत्र चाचपलं.
मी तिला माफ केलं.