हितूच्या फोनचे दोन आकडे

लालबाग, मुंबई
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. सीमावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ह्याच टेबलावरून तुम्हाला पत्र जायचं. ते लिहिणारे तुमचे भाऊ जाऊन आज चोवीस दिवस झाले. म्हटलं, निदान पत्र चुकायला नको. फोनवर तब्येतपाणी आणि खरं असेल ते पत्रात, हा तुम्हा भावंडांचा नियम मला कधी झेपला नाही. पत्र कुणी चोरून वाचत नाही, पोस्टमनलासुद्धा तेवढा वेळ नाही, असं हे म्हणायचे. बहीणभाऊ आहात की हेर, म्हणून मी चिडवायचे. आता मीच लिहायला बसले आहे.

आमची तेजस्वी हॉस्टेलला परत गेली. आईंची तब्येत बरी आहे, पण त्या ह्यांच्या फोनपासून हलत नाहीत. दिव्यापाशी ठेवलेला तो फोन दुसऱ्या दिवशी पहाटे कुणी हात न लावता उजळला, तेव्हा तुम्हीही इथेच होतात. आई म्हणाल्या, "तो हयच आसा." माझ्याही अंगावर काटा आला होता. माझगावात मोबाइल दुरुस्त करतो तो ह्यांचा मित्र निमेश, त्याने परवा येऊन मला सगळं समजावलं. ह्यांनी फोनमधली कंपनीची यंत्रणा काढून टाकून दुसरीच घातली होती ना, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फोनमधलं बाहेर कुणाला न कळवणारी. ह्यांनी ती अशी लावून ठेवली होती की अठरा तास फोन उघडला नाही, की तो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हावा आणि आतून आणखी घट्ट मिटून घ्यावा. म्हणून तो उजेड. कारण कळलं, पण भीती काही गेली नाही.

तेव्हापासून तो फोन कुणाला ओळखत नाही. वाजतो, पण नाव येत नाही, नुसता नंबर येतो. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. चोवीस वर्षं संसार केलेली बायको, आणि त्याच्या लेखी दहा आकडे. तो वाजून थांबेपर्यंत मी बघत राहिले.

आता खरं ते लिहिते. त्या गुरुवारी सकाळी अकराला ह्यांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर प्राण सोडला. त्या वेळी हे परळच्या ऑफिसात कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसलेले असायला हवे होते. तेराव्याला त्या ऑफिसातले एक गृहस्थ आले होते, म्हणाले, फेब्रुवारीनंतर भेटच नाही. मग मी शिवाजी पार्क गाठलं. तिथे रोज फिरायला येणाऱ्या राधाबाई भेटल्या, ह्यांच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांनीच घातलं. त्यांनी सांगितलं, की हे रोज डबा घेऊन यायचे आणि फोन तोंडाशी धरून तासन्‌तास बोलत बसायचे, कधी हसत, कधी डोळे पुसत. वन्सं, माझ्याशी हे दिवसातून एकदा फोनवर बोलायचे, येताना दूध आणू का एवढंच. मग ते कुणाशी बोलत होते? हे कळल्याशिवाय मला धड रडताही येत नाही.

ह्यांच्या चष्म्याच्या घरात एक चिठ्ठी सापडली, त्यावर दोन आकडे आहेत. निमेश म्हणाला, एक दार उघडतो आणि दुसरा घर जाळतो. कुणी धाक घालून फोन उघडायला लावला तर तो दुसरा टाकायचा, की आतलं सगळं क्षणात पुसलं जातं. कुठला कशाचा, हे ह्यांनी त्यालाही सांगितलं नव्हतं. मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीकडे जावं, तर ह्या फोनमागे कंपनीच नाही. एक आकडा आठ अंकी, म्हणजे आमच्या लग्नाची तारीख. सात अंकी कशाचा ते मला डोकं फोडलं तरी कळेना. तुम्हाला ह्यांनी कधी काही लिहिलं होतं का? असेल तर कळवा.

लोभ पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागते.

तुमची,
श्रेया


आचरा
शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

चि. श्रेया हिस,
अ. उ. आ.

पाकिटावर सवयीने सौ. लिहिलं गेलं. खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. आमच्या दत्तू पोस्टमनला वाचायचं तर वाचू दे.

हेर म्हणालीस ते बरं केलंस. निवृत्त मास्तरीण म्हणून तसंही मला आता गावात कुणी भीत नाही. आईला सांग, पुढल्या महिन्यात मी येते आहे आणि तिने त्या फोनपाशी बसून उपास काढलेले मला चालणार नाहीत. सोबत आमसुलं पाठवली आहेत, सार करून घाल तिला.

आता फोनचं. दहाव्याला बाणगंगेवर कावळा तासभर शिवला नाही, तुला आठवत असेल. तेजस्वीचं शिक्षण करू, आईला सांभाळू, सगळी वचनं देऊन झाली. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मनातल्या मनात म्हटलं, हितू, तुझा फोन कुणी उघडणार नाही. जोडलेले हात खाली येण्याआधी कावळा भातावर होता. तू म्हणशील, चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेली बाई आणि हे काय बोलते. विज्ञान मला अजून येतं. पण तो कावळा मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि इथे अंगणातल्या माडावर एक येऊन बसला की मी घरात जाते.

तेव्हा कुठलाच आकडा टाकू नकोस. हितू तुला वाटतो तसा नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्यापुढे मला विचारू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं समज आणि फोन देवघरात ठेवून दे.

रागावशील. रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
सीमा


लालबाग, मुंबई
रविवार, २८ डिसेंबर २०२५

ती. सीमावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आमसुलं पोचली. आईंना सार आवडलं.

राग आला, खोटं कशाला बोलू. तुम्ही कावळ्याला शब्द दिलात आणि मला विचारलंही नाहीत. शिवाय त्यापुढे विचारू नकोस म्हणता, याचा अर्थ पुढे काहीतरी आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. बुधवारपासून तीन दिवस मी त्या कट्ट्यावर जाऊन बसले. ह्यांना शोधत कुणी बाई येते का, ते पाहायला. नेटमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती, म्हातारी माणसं चकरा मारत होती. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आपण नवऱ्याच्या जागेवर बसून नवऱ्यावर पाळत ठेवतो आहोत, हे लक्षात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

काल दुपारी तुमचे दोन मिस्ड कॉल दिसले. उलट लावला, तर तुम्ही उचलला नाहीत. मग मी चष्म्याच्या घरातली ती चिठ्ठी काढली.

वन्सं, चोवीस वर्षांत ह्यांना लग्नाचा वाढदिवस एकदाही आपणहून आठवला नाही. दर मे महिन्यात मी आठवण करायचे आणि हे कपाळाला हात लावायचे. आणि इथे ह्यांच्या त्या बारक्या अक्षरात दिवस, महिना, वर्ष, सगळं होतं. माझा होता नव्हता तो राग उतरला. जो माणूस ही तारीख चष्म्याजवळ जपून ठेवतो, त्याचं दार ह्याच तारखेला उघडणार, असं मला वाटलं. संशय घेतला म्हणून मनातल्या मनात त्यांची माफी मागितली आणि आठ अंक टाकले.

पडदा काळा झाला. पुढे काहीच झालं नाही. आई शेजारीच बसल्या होत्या. त्या "तो गेलो," एवढंच म्हणाल्या, आणि उठून महिन्याभरात पहिल्यांदा आपल्या खाटेवर जाऊन पडल्या. मी निमेशला बोलावलं. त्याने फोन चालू करून बरीच खटपट केली. आता तो नव्यासारखा झाला आहे, कुठली भाषा हवी ते विचारतो. निमेशने सांगितलं, आतलं काही उरलं नाही आणि जगात कुणालाही ते परत काढता येणार नाही. ह्यांना तसंच हवं होतं म्हणून तर ही यंत्रणा घातली होती.

म्हणजे आमच्या लग्नाची तारीख ह्यांनी जाळण्यासाठी ठेवली होती. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आता तुम्ही काही सांगितलं नाहीत तरी चालेल.

लोभाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
श्रेया


आचरा
सोमवार, २९ डिसेंबर २०२५

चि. श्रेया हिस,
अ. उ. आ.

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर अजून आलं नाही, पण आता मला थांबवत नाही. शनिवारी दोनदा तुझा नंबर लावला आणि दोन रिंग झाल्यावर ठेवला. तुझा उलट फोन आला, तोही नुसता बघत बसले. जन्मभर जे कागदावर सांगितलं ते तोंडातून निघेना. म्हणून लिहिते आहे.

शब्द मोडते आहे. कावळ्याचं माझं मी बघून घेईन. जिवंत बाईला कुढत ठेवायचं आणि मेलेल्याची मर्जी राखायची, हे कसलं पुण्य?

फेब्रुवारीत हितूच्या हातची तिन्ही ऑफिसांची कॉम्प्युटर-दुरुस्तीची कामं गेली. ती कामं आता दुसऱ्या शहरात बसून करतात म्हणे. तुला सांगायची त्याला लाज वाटली. तो नऊ वर्षांचा असताना बाबांची गिरणी बंद पडली होती. बाबा सात-आठ महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि राणीबागेत बसून राहायचे. हितूने त्यांना एकदा तिथे पाहिलं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. मीही गप्प बसले. आमच्या घरात कुणावर माया असली की त्याच्यापासून लपवायचं, असंच आम्ही शिकलो. त्याने मला लिहिलं होतं, मी सांगेपर्यंत श्रेयाला कळू देऊ नकोस. तो सांगायला उरला नाही, आणि मी मूर्ख, ते वचन कायमचं धरून बसले.

कट्ट्यावर बसून तो कुणाशी बोलायचा, असं विचारलंस. तुझ्याशी. रोज तो फोनवर आपलाच आवाज भरून ठेवायचा, संध्याकाळी घरी जाऊन श्रेयाला कसं सांगायचं त्याची तयारी. पण मूळ गोष्ट बाजूला राहायची आणि भलतंच बोलत सुटायचा. तुमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल, तू बांगड्याच्या तिखल्यात दोनदा मीठ घातलंस आणि त्याने मुकाट खाल्लं त्याबद्दल. अशी दीडशेच्या वर रेकॉर्डिंग झाली, पुसवत एकही नाही, असं शेवटच्या पत्रात आहे. ते त्याने जाण्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी टाकलं होतं. तेरावं करून मी परत आले तेव्हा ते माझ्या दाराखालून आत पडलेलं होतं. उद्या गुरुवार, उद्या संध्याकाळी तिला बसवून सगळंच ऐकवतो, असं लिहिलं आहे त्याने.

आता आकड्यांचं नीट वाच. लग्नाची तारीख चुकूनही टाकू नकोस. तो म्हणायचा, धाक घालणारा कुणीही पहिली तीच मागणार, सगळ्या नवऱ्यांची तीच असते, म्हणून ती घर जाळायला ठेवली. सात अंकी टाक. तुझ्या माहेरी, माझगावच्या चाळीखाली रामजीचं दुकान होतं ना, त्या दुकानाचा हा नंबर. लग्न ठरल्यावर वर्षभर हितू लालबागच्या पीसीओवरून तो लावायचा आणि रामजी तुला खालून हाक मारायचा. तुला ओळखता आला नाही म्हणून खंत करू नकोस. आपल्याच दाराखालचा नंबर आपण कधी लावतो?

पत्र मिळेल त्या दिवशी दुपारी दार लावून घे, आईला शेजारी बसव, आणि पहिल्यापासून ऐक. घाई करू नकोस, खूप आहे. सगळं ऐकून होईपर्यंत मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

त्याचा लोभ तुझ्यावरच होता, आता तो तुझा तू ऐकशील. माझाही आहेच.

तुझी,
सीमा