बोला, महाराज

लंडन, ५ ऑक्टोबर १५९९

ती. ताईस अँब्रोझचा सा. न. वि. वि.

लोकरी मोजे पोचले. आमची मंडळी ते जुनं राजाचं नाटक पुन्हा काढतेय. राजा मी, गादी बळकावणारा चुलतभाऊ गिल्बर्ट पास्क. राजा स्वतःच्या हाताने मुकुट उतरवून देतो, तो प्रवेश दरबारच्या तपासनिसाने कापलाय. राणीसाहेब थकल्या, मागे वारस नाही. असलं दाखवलेलं कसं खपणार?

पण मला धास्ती वेगळीच आहे. आम्हाला अख्खं नाटक कधी देत नाहीत. आपल्या वाक्यांची नक्कल आणि समोरच्याचे शेवटचे चार शब्द, बस. ते कानावर पडले की तोंड आपोआप सुटतं. त्या प्रवेशाआधीचे शब्द गिल्बर्टचे: बोला, महाराज, ऐकतो आम्ही. ते त्याने आता गाळायचे आहेत. हा गडी रोज माझा मुकुट घालून बघतो. म्हणतो, अँब्रोझभाऊ, तुमचं डोकं लहान, हा माझ्याच मापाचा.

आहे तो लोभ वाढता ठेव.

नॉर्विच, १४ ऑक्टोबर

चि. अँब्रोझ यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीत घातलं. तूही माझं जाळ. पुढचा राजा कोण, एवढंच आमचा दोरखंडवाला गुत्त्यात बोलला. अजून घरी आला नाही. त्याची बायको माझ्याकडे येऊन नुसती बसते. मुकुट पत्र्याचा असला तरी मान तुझी खरी आहे. तुमच्या नाटकांतला एक तरी राजा अंथरुणात सुखाने मेला का, कळव. गिल्बर्टवर नजर ठेव. गळा जप, माझी माया आहेच.

थॉमसिन

लंडन, २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

सुटलो. भर प्रयोगात गिल्बर्ट ते शब्द बोलला आणि मी भानावर यायच्या आत मुकुट त्याच्या हातात होता. शब्द निरुपद्रवी, म्हणून तो मोकळा. मुकुट उतरवला मी, म्हणून कोठडीत मी. तो म्हणतो, सवयीने गेलं, भाऊ. देव जाणे. पुन्हा कोणी मुकुट उतरवला तर कान कापू, असं बजावलंय.

आता राजा गिल्बर्ट, चुलतभाऊ मी. त्याच्या नकलेत तो प्रवेश नाही. पण हव्यासापायी माझं भाषण त्याने इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणेल. काल तालमीत ते चार शब्द माझ्या जिभेवर आले. मी गिळले. तरी त्याचे हात मुकुटाकडे गेलेच होते, आणि खाटकाकडे बघावं तसा तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

इतके दिवस तपासनिसाची भीती वाटायची. आता माझी मलाच वाटते. उद्या दुपारी प्रयोग आहे. तोवर तुझं उत्तर येणार नाही.

काहीही कानावर आलं तरी लोभ असू दे.

अँब्रोझ